जुने मॉड्यूल व्यवस्थापन सॉफ्टवेअरला दिसत नसेल, तर शोध कोठून आणि कसा घ्यावा

चॅसिस-पद्धतीच्या, म्हणजे एकाच पेटीत अनेक कार्डे (मॉड्यूल) खोचता येणाऱ्या, हबमध्ये किंवा स्विचमध्ये बसवलेले एखादे जुने मॉड्यूल प्रत्यक्षात व्यवस्थित चालू असते, त्याच्या पोर्टवरचे दिवे लुकलुकत असतात, त्याला जोडलेली यंत्रे एकमेकांशी बोलत असतात. आणि तरीही व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या पडद्यावर त्या स्लॉटच्या जागी रिकामी चौकट, ‘अनोळखी’ असा शेरा किंवा नुसता एक आकडा दिसतो. या कामात नव्याने आलेल्या माणसाला अशा वेळी सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्याचा मोह होतो, नाहीतर कार्ड उपसून पुन्हा खोचण्याचा. पहिल्या उपायाने सहसा काहीच बदलत नाही, आणि दुसऱ्याने चालू असलेले नेटवर्क बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून आधी शोध घ्यावा, उपाय नंतर करावा.

मॉड्यूलची ओळख सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचण्यासाठी चार टप्पे पार पडावे लागतात. चॅसिसमधल्या नियंत्रक कार्डाने ते मॉड्यूल ओळखलेले असले पाहिजे. त्या कार्डावरच्या एसएनएमपी एजंटने (एसएनएमपी ही नेटवर्क-उपकरणांना त्यांची माहिती विचारण्याची ठरलेली पद्धत, आणि एजंट म्हणजे उपकरणातला उत्तरे देणारा प्रोग्रॅम) ते आपल्या एखाद्या तक्त्यात नोंदवलेले असले पाहिजे. त्या तक्त्याबद्दलचा प्रश्न आणि त्याचे उत्तर नेटवर्कमधून सुखरूप गेले-आले पाहिजे. आणि आलेल्या उत्तराचा अर्थ सॉफ्टवेअरला लावता आला पाहिजे. पडद्यावर मात्र चारही ठिकाणचे बिघाड सारखेच दिसतात. या लेखाचा सगळा भर एकाच सवयीवर आहे: सॉफ्टवेअरच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी एजंटला तोच प्रश्न स्वतः विचारावा आणि त्याचे कच्चे उत्तर फाइलमध्ये जपून ठेवावे. ते हाती आले की बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे बहुतेक वेळा तिथेच कळते.

ओळख पटते ती कशी

एसएनएमपीची पहिली आवृत्ती मे १९९० मध्ये आरएफसी ११५७ या दस्तऐवजात मानक म्हणून नोंदली गेली. या पद्धतीत उपकरणाबद्दलची प्रत्येक माहिती आकड्यांच्या एका झाडावर टांगलेली असते, आणि झाडाच्या मुळापासून त्या माहितीपर्यंतच्या वाटेला ओआयडी म्हणतात. व्यवस्थापन सॉफ्टवेअर यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न पाठवते आणि एजंट उत्तर देतो.

सॉफ्टवेअरचा अगदी पहिला प्रश्न बहुधा १.३.६.१.२.१.१.२.० या ओआयडीबद्दल असतो. याला सिस-ऑब्जेक्ट-आयडी म्हणतात आणि त्याचे उत्तरही एक ओआयडीच असते. ते उत्तर १.३.६.१.४.१ ने सुरू होते आणि त्यापुढचा आकडा कंपनीचा असतो. सिस्कोचा ९, एचपीचा ११, थ्रीकॉमचा ४३, सायनॉप्टिक्सचा ४५, केबलट्रॉनचा ५२. त्यापुढचे आकडे त्या कंपनीने आपल्या उत्पादनांना दिलेले असतात.

जुन्या उपकरणांच्या बाबतीत गोंधळाचे एक मोठे मूळ इथेच आहे. १९९४ मध्ये सायनॉप्टिक्स आणि वेलफ्लीट या कंपन्या एकत्र येऊन बे नेटवर्क्स झाली, ती १९९८ मध्ये नॉर्टेलने घेतली, नॉर्टेलचा हा व्यवसाय २००९ मध्ये अव्हायाकडे आणि तिथून २०१७ मध्ये एक्स्ट्रीमकडे गेला. थ्रीकॉमने १९९५ मध्ये चिपकॉम घेतली आणि २०१० मध्ये थ्रीकॉम स्वतःच एचपीत विलीन झाली. कागदोपत्री मालक बदलत गेले, पण उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, कोरलेला आकडा तसाच राहिला. त्यामुळे एक्स्ट्रीमच्या नावाखाली शोधत बसलेल्या माणसाला उत्तरात ४५ दिसला, तर त्यात काही चूक नसते; ते उपकरण आपल्या जुन्या कुळाचे नाव सांगत असते. सॉफ्टवेअरच्या यादीत शोध घेताना आजच्या मालकाबरोबर सगळ्या पूर्वीच्या मालकांची नावेही पाहावीत.

तयारी

दोन मोफत साधने पुरेशी आहेत. नेट-एसएनएमपी या संचातील ‘गेट’ (नेमक्या ओआयडीबद्दल विचारणारी) आणि ‘वॉक’ (एका शाखेखालचे सगळे ओळीने विचारणारी) या आज्ञांनी प्रश्न विचारता येतात, आणि वायरशार्कने तारेवरून प्रत्यक्ष काय गेले ते पाहता येते. हे काम शक्यतो सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालते त्याच सर्व्हरवरून करावे, कारण अनेक उपकरणांवर ठरावीक आयपी पत्त्यांनाच उत्तर देण्याची यादी लावलेली असते. आपल्या लॅपटॉपला उत्तर मिळाले नाही यावरून सर्व्हरलाही मिळत नसेल असे म्हणता येत नाही, आणि उलटही तितकेच खरे. कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे प्रश्नासोबत पाठवायचा परवलीचा शब्द, फक्त वाचनाच्या अधिकाराची वापरावी. लेखात ओआयडी देवनागरी अंकांत दिले आहेत. आज्ञा देताना ते अर्थातच इंग्रजी (1, 2, 3) अंकांत टंकावेत. आणि वॉक करताना ओआयडी आकड्यांतच छापण्याचा पर्याय निवडावा, कारण नावे दिसली की वाचायला सोपे जाते, पण नेमका कोणता आकडा आला हे झाकले जाते.

पायरी पहिली: चॅसिसला स्वतःला मॉड्यूल माहीत आहे का

सीरियल केबल लावून किंवा टेलनेट-एसएसएचने कन्सोलवर, म्हणजे चॅसिसच्या आज्ञा-पडद्यावर, जावे आणि मॉड्यूलांची यादी मागावी. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेत त्यासाठी ‘शो मॉड्यूल’ ही आज्ञा आहे. इतर उत्पादकांच्या मेनूमध्ये ‘स्लॉट’ किंवा ‘कॉन्फिगरेशन’ या शीर्षकाखाली हीच माहिती मिळते. यादीत मॉड्यूलचा प्रकार, अनुक्रमांक, हार्डवेअर आणि फर्मवेअरची आवृत्ती आणि स्थिती असते. ही यादी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवून ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तुलनेसाठी ती लागणार आहे.

मॉड्यूल इथेच दिसत नसेल, किंवा त्याच्या नावासमोर ‘अनोळखी’ अशी नोंद असेल, तर व्यवस्थापन सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. नियंत्रक कार्डाच्या फर्मवेअरची आवृत्ती त्या मॉड्यूलला आधार देते का, हे उत्पादकाच्या रिलीज नोट्समध्ये तपासावे. यात दोन्ही दिशांनी अडचण येऊ शकते: नियंत्रक कार्ड जुने आणि मॉड्यूल त्यामानाने नवे असेल तर फर्मवेअरला ते ठाऊकच नसते, आणि नियंत्रक कार्डाचे फर्मवेअर फार पुढे गेले असेल तर जुन्या मॉड्यूलचा आधार त्यातून काढून टाकलेला असू शकतो. दुसरी शक्यता नवख्या माणसाच्या लक्षात चटकन येत नाही, कारण फर्मवेअर अद्ययावत केल्याने काही बिघडेल अशी कल्पनाच त्याने केलेली नसते.

कार्ड बाहेर काढून पुन्हा बसवण्याचा उपाय याच पायरीवर, आणि तोही नियोजित बंद काळात करावा. काढण्यापूर्वी ते मॉड्यूल चालू स्थितीत काढता येणारे आहे का हे पुस्तिकेत पाहावे आणि मनगटावर अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा. किनारपट्टीच्या दमट आणि खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या चॅसिसमध्ये कनेक्टरच्या पिनांवर थर चढतो, आणि डेटाच्या पिना ठीक असूनही ओळख सांगणाऱ्या पिनेचा संपर्क तुटू शकतो. मॉड्यूल चालते आहे पण नियंत्रकाला दिसत नाही, असा प्रकार असेल तर हे कारण डोळ्यांआड करू नये.

पायरी दुसरी: एजंट बोलतो का, आणि कोणत्या आवृत्तीत

कन्सोलवर मॉड्यूल नीट दिसत असेल तर आता एजंटकडे वळावे. सिस-ऑब्जेक्ट-आयडी आणि त्याच्या शेजारचे वर्णन, म्हणजे १.३.६.१.२.१.१.१.०, हे दोन प्रश्न एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत विचारावेत. मग हेच प्रश्न दुसऱ्या, म्हणजे २सी आवृत्तीत विचारावेत.

पहिल्या आवृत्तीला उत्तर आले आणि दुसरीला आले नाही, तर जुन्या उपकरणांमधला सर्वांत नेहमीचा बिघाड सापडला असे समजावे. २सी आवृत्ती १९९६ मध्ये आली. त्याआधीच्या एजंटला तिची ओळख नसते. असा एजंट ‘ही आवृत्ती मला कळत नाही’ असे कळवत नाही, तो संदेश मुकाट्याने टाकून देतो. आजची बहुतेक सॉफ्टवेअर नव्या उपकरणासाठी २सी किंवा तिसरी आवृत्ती गृहीत धरतात, त्यांना उत्तर मिळत नाही, आणि ती उपकरण बंद असल्याचे जाहीर करतात. इलाज साधा आहे: त्या एका उपकरणापुरती आवृत्ती १ निवडावी.

चुकीच्या कम्युनिटी स्ट्रिंगलाही एजंट असाच मौन राहतो. दोन मौनांत फरक करण्यासाठी एजंटने स्वतः ठेवलेली मोजणी उपयोगी पडते. १.३.६.१.२.१.११ या शाखेखाली तिसऱ्या जागी न कळलेल्या आवृत्तीच्या संदेशांची संख्या असते आणि चौथ्या जागी चुकीच्या कम्युनिटी स्ट्रिंगच्या संदेशांची. सिस्कोच्या आयओएस या संचालन प्रणालीत कन्सोलवर ‘शो एसएनएमपी’ दिले की हेच आकडे वाचता येतात. ते टिपून ठेवावेत, सॉफ्टवेअरला पुन्हा प्रयत्न करायला लावावे आणि आकडे पुन्हा पाहावेत. तिसऱ्या जागचा आकडा वाढला तर दोष आवृत्तीचा आहे. चौथ्या जागचा वाढला तर कम्युनिटी स्ट्रिंगचा. दोन्हींपैकी एकही हलला नाही तर संदेश बहुधा एजंटपर्यंत पोहोचलेलाच नाही, आणि मग वाटेतला फायरवॉल किंवा व्हीलॅनची (नेटवर्कच्या आभासी विभागांची) मांडणी तपासावी. वायरशार्कमध्ये पाहताना एक लक्षात ठेवावे की संदेशातील आवृत्तीचा आकडा पहिल्या आवृत्तीसाठी ० आणि २सी साठी १ असतो. तिथला १ पाहून ‘पहिली आवृत्तीच तर जाते आहे’ अशी समजूत करून घेणे फार सोपे आहे.

पायरी तिसरी: मॉड्यूल कोणत्या तक्त्यात आहे

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. मॉड्यूलांची यादी सांगण्याची एकच सर्वमान्य पद्धत पहिल्यापासून कधीच नव्हती. निरनिराळ्या काळात निरनिराळे तक्ते आले, आणि उपकरण ज्या काळातले असेल त्या काळच्या तक्त्यात त्याची माहिती असते. आजचे सॉफ्टवेअर मुख्यतः सर्वांत अलीकडच्या तक्त्यात पाहते, तिथे काही मिळाले नाही की स्लॉट रिकामा दाखवते.

इथरनेट हबांसाठी, म्हणजे मानकाच्या भाषेत रिपीटरांसाठी, १९९२ मध्ये आरएफसी १३६८, १९९३ मध्ये आरएफसी १५१६ आणि १९९७ मध्ये आरएफसी २१०८ आले. यांची शाखा १.३.६.१.२.१.२२ ही आहे. या तक्त्यांत मॉड्यूल हा शब्द मुख्य नाही. तिथे पोर्टांचा ‘ग्रुप’ असतो, आणि चॅसिसमधले एक कार्ड म्हणजे सहसा एक ग्रुप. ग्रुपांचा तक्ता १.३.६.१.२.१.२२.१.२.१ येथे आहे. त्यातला दुसरा स्तंभ वर्णनाचा, तिसरा ग्रुपच्या स्वतःच्या ओआयडीचा आणि चौथा स्थितीचा. स्थितीत २ म्हणजे कार्यरत, ३ म्हणजे बिघडलेला, ४ म्हणजे जागेवर नाही. या तक्त्यावर वॉक चालवला आणि पाच कार्डांच्या हबसाठी चौथ्या स्तंभात २, २, ४, २, २ असे आकडे आले, तर तिसऱ्या ग्रुपचे कार्ड एजंटला दिसत नाही हे त्या एका ओळीत कळते आणि आपण पहिल्या पायरीवर परत जातो. पाचही आकडे २ असतील, तर एजंटने आपले काम चोख केलेले आहे.

याच काळातल्या हबांमध्ये आणखी एक गुंता आहे. १९९३ च्या दस्तऐवजाचा तक्ता एका एजंटमागे एकच रिपीटर धरून चालतो. एकाच चॅसिसमध्ये एकमेकांपासून वेगळे केलेले अनेक रिपीटर असू शकतात ही सोय १९९७ च्या दस्तऐवजात आली. त्यामुळे जुन्या चॅसिसमध्ये बॅकप्लेनवर (कार्डे जिच्यात खोचतात त्या मागच्या पाटीवर) दोन-तीन वेगळे विभाग असतील, तर एका विभागातली कार्डे दिसतात आणि दुसऱ्यातली दिसत नाहीत. चॅसिसमध्ये दुसरे व्यवस्थापन कार्ड आहे का, त्याला स्वतःचा आयपी पत्ता दिला आहे का, किंवा दुसऱ्या विभागासाठी वेगळी कम्युनिटी स्ट्रिंग ठरवलेली आहे का, हे पुस्तिकेतून शोधावे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद दुसरे उपकरण म्हणून करावी.

मानक तक्ते नव्हते किंवा अपुरे होते तेव्हा प्रत्येक उत्पादकाने स्वतःचे तक्ते काढले. सिस्कोच्या जुन्या राउटरांमध्ये कार्डांचा तक्ता १.३.६.१.४.१.९.३.६.११ येथे असतो. कॅटॅलिस्टच्या जुन्या मालिकांत मॉड्यूलांचा तक्ता १.३.६.१.४.१.९.५.१.३.१ येथे. या तक्त्यांत मॉड्यूलचा प्रकार सांगणाऱ्या स्तंभात शब्द नसतात, नुसता क्रमांक असतो, आणि कोणता क्रमांक म्हणजे कोणते कार्ड हे उत्पादकाच्या एमआयबी फाइलमध्ये, म्हणजे आकड्यांना नावे देणाऱ्या फाइलमध्ये, दिलेले असते. पडद्यावर मॉड्यूलच्या नावाऐवजी एकटाच आकडा दिसत असेल तर कारण बहुधा हेच: सॉफ्टवेअरकडे असलेल्या एमआयबी फाइलच्या आवृत्तीत तो क्रमांक नाही.

सर्वांत अलीकडचा आणि सर्व उत्पादकांना समान असा तक्ता एन्टिटी-एमआयबीचा. तो १.३.६.१.२.१.४७.१.१.१ येथे असतो. १९९६ मध्ये आरएफसी २०३७ ने तो आणला, १९९९ मध्ये आरएफसी २७३७ ने वाढवला, आणि नंतर २००५ व २०१३ मध्ये त्यात आणखी भर पडली. यातला पाचवा स्तंभ वस्तूचा वर्ग सांगतो: ३ म्हणजे चॅसिस, ५ म्हणजे स्लॉटसारखी जागा, ९ म्हणजे मॉड्यूल, १० म्हणजे पोर्ट. चौथा स्तंभ ती वस्तू कशाच्या आत आहे ते सांगतो. आता बारकावा असा की १९९६ च्या तक्त्यात पहिले सातच स्तंभ होते. अनुक्रमांकाचा अकरावा आणि मॉडेलच्या नावाचा तेरावा स्तंभ १९९९ मध्ये आले. उपकरणाचा एजंट १९९६ च्या दस्तऐवजाप्रमाणे लिहिलेला असेल आणि सॉफ्टवेअर तेराव्या स्तंभावरून मॉड्यूल ओळखत असेल, तर त्याला कोरे पान मिळते. दुसऱ्या स्तंभातल्या वर्णनात मात्र मॉडेलचे नाव बऱ्याचदा असते. तसेच चौथ्या स्तंभात मॉड्यूलसाठी ० आला, म्हणजे ते कशाच्याही आत नाही असे एजंटने सांगितले, तर स्लॉटचे चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ते कुठे ठेवावे हे कळत नाही आणि ते चित्रातून गळते.

कॅटॅलिस्ट ६५०९ या नऊ स्लॉटच्या चॅसिसचे उदाहरण घेऊ, कारण त्यात हा सगळा प्रकार एकाच पेटीत पाहायला मिळतो. हे चॅसिस दोन वेगवेगळ्या संचालन प्रणालींवर चालत असे. जुन्या कॅटओएसवर ते सिस-ऑब्जेक्ट-आयडीच्या शेवटी ९.५.४४ असे उत्तर देते. त्याच पेटीत आयओएस घातले की उत्तर ९.१.२८३ होते. धातूची चौकट तीच, पंखे तेच, कार्डेही तीच असू शकतात. ज्या सॉफ्टवेअरच्या यादीत फक्त दुसरा क्रमांक आहे त्याला कॅटओएसवरचे ६५०९ परके वाटते, आणि ज्याला चॅसिसच ओळखता आले नाही ते त्यातली मॉड्यूल कोणत्या तक्त्यातून वाचायची हे ठरवू शकत नाही. अशा वेळी मॉड्यूलवर कितीही वेळ घालवला तरी फळ मिळत नाही. आधी चॅसिसची ओळख दुरुस्त करावी लागते.

म्हणून या पायरीचे प्रत्यक्ष काम असे: रिपीटरचा तक्ता, उत्पादकाचा तक्ता आणि एन्टिटी तक्ता या तिन्हींवर एकेक वॉक चालवावा, तिन्ही उत्तरे वेगळ्या फाइलींत ठेवावीत आणि कन्सोलवरच्या यादीशी ताडून पाहावीत. न दिसणारे मॉड्यूल यांपैकी एका तरी फाइलमध्ये सापडले, तर बिघाड सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे. कोणत्याच फाइलमध्ये नसेल पण कन्सोलवर असेल, तर एजंटमध्येच ती सोय नाही, आणि नवे फर्मवेअर हाच मार्ग उरतो.

पायरी चौथी: हाताने विचारले तर उत्तर येते, सॉफ्टवेअरला येत नाही

आवृत्ती जुळते, स्ट्रिंग बरोबर आहे, वॉकमध्ये मॉड्यूल दिसते, आणि तरीही सॉफ्टवेअर कोरडेच राहते, असेही होते. याचे कारण बहुतेक वेळा प्रश्नाच्या आकारात असते. आरएफसी ११५७ प्रमाणे एजंटने ४८४ बाइटपर्यंतचे संदेश स्वीकारले की पुरे. त्याहून मोठे स्वीकारण्याचे बंधन त्याच्यावर नाही. वॉक एका वेळी एकच ओआयडी विचारतो, तर सॉफ्टवेअर वेळ वाचवण्यासाठी अनेक ओआयडींची मोट बांधून एकाच संदेशात विचारते. जुना एजंट मग ‘फार मोठे’ अशी चूक परत पाठवतो किंवा गप्प बसतो. लिब्रेएनएमएस या मुक्त व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये एका संदेशातल्या ओआयडींची कमाल संख्या त्या एका उपकरणापुरती कमी करता येते. झॅबिक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसएनएमपी इंटरफेसच्या सेटिंगमध्ये एकत्रित विनंत्या पाठवण्याची खूण काढून टाकता येते. वेग कमी होतो, पण शेदोनशे पोर्टांच्या चॅसिससाठी तो फरक जाणवण्याइतका नसतो.

पहिल्या आवृत्तीचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यावा. दहा गोष्टी एकत्र विचारल्या आणि त्यांतली एक जरी एजंटकडे नसली, तर तो ‘असे नाव नाही’ अशी चूक देऊन उरलेल्या नऊंचीही उत्तरे देत नाही. वर सांगितलेला मॉडेलच्या नावाचा स्तंभ अशा मोटेत असेल, तर त्याच्या अभावी बाकीची चांगली माहितीही हातची जाते. आणि इथे नेट-एसएनएमपीची ‘गेट’ आज्ञा आपल्याला नकळत चकवते: चूक आली की ती नसलेला ओआयडी वगळून उरलेला प्रश्न आपणहून पुन्हा पाठवते, त्यामुळे हाताने विचारल्यावर सगळे सुरळीत भासते. ही दुरुस्ती बंद करणारा पर्याय तिच्या मदत-पानावर दिलेला आहे. तो वापरून, सॉफ्टवेअर विचारते तीच मोट, त्याच क्रमाने विचारून पाहावी. सॉफ्टवेअर नेमके काय विचारते हे वायरशार्कमध्ये दिसते.

वेळेचाही प्रश्न असतो. नेट-एसएनएमपी मुळात उत्तरासाठी १ सेकंद थांबते आणि ५ वेळा पुन्हा विचारते. त्या काळातले नियंत्रक कार्ड स्विचिंगच्या कामातून सवड मिळाली की एसएनएमपीकडे वळते, आणि मोठ्या तक्त्याचे उत्तर जुळवायला त्याला एक सेकंद पुरत नाही. अशा वेळी पुन्हा विचारण्याची संख्या वाढवू नये, कारण आधीच मागे पडलेल्या एजंटपुढे त्याच प्रश्नांची रांग वाढत जाते. थांबण्याची मुदत पाच सेकंदांपर्यंत न्यावी आणि पुनर्प्रयत्न एक-दोनवर आणावेत.

वॉक मधेच थांबून ‘ओआयडी वाढत नाही’ अशा अर्थाची चूक दाखवत असेल, तर एजंट तक्त्याच्या ओळी चढत्या क्रमाने देत नाही, असा त्याचा अर्थ. हा एजंटमधला दोष आहे. क्रमाची तपासणी सोडून देण्याचा पर्याय वॉकला असतो आणि तो वापरून पुढच्या ओळी पाहता येतात. मात्र एजंट त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा देऊ लागला तर वॉक कधीच संपत नाही, म्हणून समोर बसूनच तो चालवावा.

पायरी पाचवी: सॉफ्टवेअरची यादी आणि साठवलेली जुनी माहिती

इथपर्यंत सगळे ठीक निघाले तर सॉफ्टवेअरकडे वळण्याची वेळ आली. एक गैरसमज आधीच दूर करू: एमआयबी फाइल चढवली की मॉड्यूल ओळखले जाईल, असे नसते. एमआयबी फाइल आकड्यांना नावे देते. कोणत्या सिस-ऑब्जेक्ट-आयडीला कोणता तक्ता वाचायचा आणि त्यातून काय उचलायचे, हे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या उपकरण-व्याख्येत लिहिलेले असते. लिब्रेएनएमएसमध्ये या व्याख्या यामल नावाच्या स्वरूपातल्या मजकूर-फाइलींत असतात आणि त्या सिस-ऑब्जेक्ट-आयडी किंवा वर्णनातल्या मजकुरावरून जुळवल्या जातात. काहीच जुळले नाही तर उपकरण ‘जेनेरिक’ ठरते. झॅबिक्समध्ये हे काम टेम्प्लेट आणि त्यातले शोध-नियम करतात.

दुसऱ्या पायरीत मिळालेला सिस-ऑब्जेक्ट-आयडी व्याख्येत आहे का पाहावे. नसेल तर त्याच कुळातल्या जवळच्या उपकरणाच्या व्याख्येची प्रत काढून त्यात तो घालावा, आणि मॉड्यूलांसाठी तिसऱ्या पायरीत ज्या तक्त्यात ती प्रत्यक्ष सापडली तोच तक्ता द्यावा. आपण जपलेली कच्ची उत्तरे इथे थेट कामी येतात. मुक्त प्रकल्पात नव्या उपकरणाचा आधार मागायचा झाला तरी तेथील लोक पहिल्यांदा तीच मागतात. ती पाठवताना कम्युनिटी स्ट्रिंग, आयपी पत्ते, ठिकाणाचे नाव आणि संपर्काचा मजकूर पुसून टाकावा.

मॉड्यूल बदलल्यावर जुनेच नाव दिसत राहत असेल, तर आधी सॉफ्टवेअरचा शोध किती अंतराने चालतो ते पाहावे. लिब्रेएनएमएस आकडेवारी दर ५ मिनिटांनी गोळा करते, पण हार्डवेअरचा शोध मूळ मांडणीत ६ तासांनी एकदा घेते. तोवर थांबायचे नसेल तर शोध हाताने चालवावा. एजंटच्या तक्त्यात शेवटचा बदल केव्हा झाला हे १.३.६.१.२.१.४७.१.४.१.० वरून कळते. शिवाय एन्टिटी तक्त्यातल्या ओळींचे इंडेक्स क्रमांक उपकरण पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. ज्या सॉफ्टवेअरने मॉड्यूलची नोंद केवळ त्या इंडेक्सवर बांधली आहे, त्यात वीज गेल्यानंतर एका कार्डाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढलेला आढळतो. जिथे कार्डाच्या अनुक्रमांकाचा (सीरियल नंबरचा) स्तंभ उपलब्ध आहे तिथे नोंद त्यावर बांधावी.

आवृत्ती १ वापरताना घ्यायची काळजी

पहिल्या आणि २सी या दोन्ही आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंग तारेवरून उघडी जाते; वायरशार्क चालवणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. जुन्या मॉड्यूलसाठी आवृत्ती १ ठेवणे भाग असेल तर त्या उपकरणाचा व्यवस्थापन पत्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवावा, प्रवेश-यादीत फक्त व्यवस्थापन सर्व्हरचा पत्ता असू द्यावा, लिहिण्याच्या अधिकाराची स्ट्रिंग काढून टाकावी, आणि ‘पब्लिक’ ही कारखान्यातून आलेली स्ट्रिंग बदलावी. तीच स्ट्रिंग इतर नव्या उपकरणांवर वापरू नये, नाहीतर एका जुन्या हबमुळे सगळ्या नेटवर्कची किल्ली उघड्यावर येते.

एवढे करूनही एजंटच मॉड्यूलची माहिती देत नाही असे सिद्ध झाले आणि नवे फर्मवेअर मिळण्यासारखे नसेल, तर मॉड्यूलऐवजी त्याच्या पोर्टांवर लक्ष ठेवावे. इंटरफेसांचा तक्ता, म्हणजे १.३.६.१.२.१.२.२, स्विचांचे आणि राउटरांचे जवळजवळ सगळे एजंट देतात. कन्सोलवरच्या यादीवरून कोणते पोर्ट कोणत्या स्लॉटचे हे ठरवून सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा एक गट करावा, गटाला स्लॉटचा क्रमांक आणि कार्डाचे मॉडेल असे नाव द्यावे, आणि गटातली सगळी पोर्टे एकाच वेळी बंद पडली तर इशारा यावा असा नियम लिहावा. निव्वळ रिपीटर असलेल्या हबमध्ये इंटरफेसांच्या तक्त्यात बहुधा व्यवस्थापनाचेच पोर्ट असते, म्हणून तिथे हाच गट १.३.६.१.२.१.२२.१.३ या शाखेतल्या पोर्टांच्या नोंदींवर बांधावा.